बिनखिळ्याची डबी

सनीव्हेलमधल्या आमच्या शेजारच्या अहिल्याताई देण्याघेण्यात चोख. अपमान तर त्या व्याजासकट परत करायच्या. २००५च्या संक्रांतीला त्यांनी वाण म्हणून दिलेली साबणदाणी पलीकडच्या गल्लीतल्या कादंबरीनं भर हळदीकुंकवात उलटून पाहिली आणि "अगंबाई, डॉलर स्टोअर! एका डॉलरचा माल!" म्हणून ती खिदळली. ते हसू बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

उन्हाळ्यात नवऱ्यानं त्यांना नदीकाठचं, चिनी मजुरांनी वसवलेलं जुनं गाव बघायला नेलं. तो लाकडी माड्यांचे फोटो काढत हिंडला. बाईंनी एका म्हाताऱ्या सुताराच्या दुकानात ठाण मांडलं. त्याच्याकडे एकही खिळा नसलेली कोरीव डबी होती. तळाची पट्टी सरकवल्याशिवाय तिचं झाकण हलत नसे. बाईंचे डोळे लकाकले.

पुढच्या संक्रांतीला सगळ्यांना वाट्या मिळाल्या, कादंबरीला मात्र ती डबी. "इथंच उघड ना, सगळ्यांना बघू दे!"

कादंबरीनं ओढलं, ठोकलं, नख मोडून घेतलं. बायका खुसखुसू लागल्या.

"ताई, कशी उघडायची हो?" ती शेवटी पुटपुटली.

"जरा मोठ्यानं विचार गं," तिळाचा लाडू फोडत अहिल्याताई म्हणाल्या, "स्वयंपाकघरातल्यांना ऐकू नाही आलं."