काचेपलीकडचा पापा

विट्यात जन्माला आलं आणि माझ्या नवऱ्याच्या आत्याच्या तावडीतून सुटलं, असं मूल मला तरी माहीत नाही. मूल दिसलं की आत्याबाई आधी त्याचे गाल ओढणार, मग शेजारच्या घरात ऐकू जातील असे पापे घेणार आणि शेवटी आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढणार. पोर कुणाचं, ही चौकशी त्यानंतर. एकदा एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईचं बाळ त्यांनी इतका वेळ मांडीवर ठेवलं की तिची गाडी चुकली. "चुकंना का! दुसरी येतीया. बाळ असं परत घावायचं न्हाई," हे वर तिलाच ऐकवलं.

माझी सई दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी. सांगलीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी रडून रडून अर्धी झाले होते. आत्याबाई आल्या त्या पदराच्या गाठीत देवीचा अंगारा आणि बोटाला मिश्री घेऊन, आणि थेट पेटीकडेच निघाल्या. सिस्टरने हात आडवा केला. "आवं, अंगारा हाय, इख न्हाई!" आत्याबाई कडाडल्या. मला वाटलं, झालं, आता दवाखाना डोक्यावर घेणार. पण सिस्टरही खमकी. तिने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आत्या, ह्या बाळांना सगळ्यात भीती आपल्या हातांची. बरं व्हायला आलेलं बाळ इथंच नवं दुखणं घेऊन बसतं. कामाच्या गडबडीत आमचीही चूक व्हायची. तुम्ही दारात थांबाल? हात न धुता कुणी आत निघालं, तर अडवायचं. मलासुद्धा." आत्याबाईंनी काचेतून सईकडे बघितलं. अंगाऱ्याची पुडी माझ्या उशीखाली सरकवली आणि बेसिनपाशी जाऊन मिश्रीचं बोट लाल होईपर्यंत घासत राहिल्या.

मग काय विचारता! विट्याहून जीप भरून आलेल्या भावकीला त्यांनी जिन्यावरूनच वळवलं. "बाळ म्हंजी जत्रंतला पाळणा न्हवं, समद्यांनी बघायला!" घाईत शिरणाऱ्या डॉक्टरांना नुसतं "हात?" एवढंच विचारलं. "बरं झालं विचारलंत," म्हणत ते हसत बेसिनकडे वळले. मग तर आत्याबाईंना चेवच आला. त्यांच्या मुलाचं तिकडे दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान. तो पाचही बोटांत अंगठ्या घालून आला. "जलमभर सोनं गाळलंस, आन् अंगठीखालचा मळ दिसंना व्हय रं? काढ!" बिचाऱ्याने अंगठ्या उतरवल्या, हात धुतले, तरी लांबूनच बघायला मिळालं. हळूहळू शेजारच्या पेटीतल्या बाळाची कुंडलची आई आपल्या सासूला टोकू लागली, सिस्टर एकमेकींना टोकू लागल्या, आणि कुणालाच त्यात अपमान वाटेना.

शेवटी सई सावरली. "उद्या आत्यांच्या मांडीवर देऊ हं," सिस्टर म्हणाली. त्या संध्याकाळी आत्याबाईंना एक शिंक आली. माझ्याखेरीज कुणी ऐकली नव्हती, आणि मी कशाला बोलतेय! त्या आपणहून सिस्टरकडे गेल्या. "मला पडसं धरलंय. मी आत न्हाई." दुसऱ्या दिवशी सगळा वेळ काचेबाहेर उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि बोटं मात्र कडाकडा मोडत होत्या.

सई घरी आली तरी त्यांचा खोकला काही हटेना. तेवढ्यात तिकडे सुनेचे दिवस भरत आले आणि मुलगा त्यांना घेऊन गेला. निघतानाही उंबऱ्याबाहेरूनच बोटं मोडली. दिवाळीला येते म्हणाल्या होत्या. पुढे गुडघे गेले, प्रवास जमेना आणि आमचंही जाणं आज-उद्यावर राहिलं. मला त्यांची फार, फार आठवण येते. साऱ्या गावाच्या पोरांचे पापे घेतलेली ही बाई, माझ्याच लेकीचा तेवढा राहिला.

सई आता बालवाडीत जाते. परवा आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल चालू होता, तेव्हा ती जेवायच्या आधी हात धुऊन आली आणि तसेच ओले हात फोनपुढे धरले. "आत्याआजी, बघ, हात धुतले. आता घे की पापा." आत्याबाईंनी फोनलाच ओठ टेकवले असावेत, कारण आमच्या पडद्यावर नुसता काळोख झाला. सई मात्र गाल पुढे करून तशीच थांबून राहिली.