पंपात उरलेलं औषध

शेजाऱ्याची कपाशी माझ्यापेक्षा चांगली का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आमच्या दोघांच्या वावरांमध्ये फक्त एका धुऱ्याचा बांध. माती तीच, पाऊस तोच, बियाणं एकाच दुकानातलं. मी खताच्या तारखा लिहून ठेवते, औषध मापानं घेते. तो बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओततो. तरी त्याचं झाड कमरेला आणि माझं मांडीला. एकदा मी धुऱ्यावर बसून दोन्हीकडच्या पाच-पाच झाडांच्या पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, मोजल्या. आकडे नवऱ्यालाही सांगितले नाहीत.

नवरा हिंगणघाटला जिनिंगमध्ये, शेती मी पाहते. अवजार कोणी नेलं, कधी नेलं, परत आलं तेव्हा कसं होतं, हे वहीत असतं. शेजाऱ्याचं पान सर्वांत भरलेलं: विळ्याची मूठ मोडली, ताडपत्रीला भोक, कोळपणीच्या डवऱ्याची पास बोथट. तरी त्याला नाही म्हणवत नाही. तो मागतोच असा हसून.

त्या श्रावणात आला. "वैनी, फवारणीचा पंप द्या ना दोन रोज."

"काऊन, तुमचा कुठं गेला?"

"हाय ना. त्याची नळी काढून मोटारीले लावली."

"परत आणतांना धुऊन आणजा. तीनदा."

"चारदा धुतो. लिहून घ्या वहीत!"

तिसऱ्या दिवशी पंप ओट्यावर होता, माणूस नव्हता. उचलला तर आत काही हिंदकळलं. तळाशी दोनेक लिटर पिवळट पाणी. वास उग्र, माझ्या कुठल्याच औषधाचा नाही.

ओतून द्यायला हवं होतं. पंप धुतल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम माझाच. पण मला वाटलं, सापडलं. हा कपाशीला जे मारतो आणि मला सांगत नाही, ते हेच. मी वरून पाणी भरलं आणि धुऱ्यालगतच्या आठ ओळींवर मारून मोकळी झाले.

आठवड्याभरात पानं आकसली, लांबट झाली, भेंडीच्या पानासारखी चिरली. शेंडे पिळवटले. तेव्हा कळलं, ते तणनाशक होतं. घरामागचं गाजरगवत मारायला त्यानं पंप नेला होता.

तो धुऱ्यावरून धावतच आला. "अरे बाप! म्या पंप धुतला नाई काय, वैनी?"

"नाई."

"अन् आत उरलेलं दिसलं नाई तुम्हाले?"

"घाईत होते," मी म्हटलं.

तो डोक्याला हात लावून खालीच बसला. "माहीच चुकी हाय."

मला राहवलं नाही. "तुम्ही कपाशीले मारता तरी काय?"

"काई खास नाई. येते तशी येते."

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. दोघांनी दिवसभर वाकून शेंडे खुडले, नंतर युरियाचं पाणी मारलं. आठांपैकी तीन ओळी सावरल्या. बाकीच्या पाच मी उपटल्या.

पुढे एकदा चक्कीवर गर्दी होती. तो सगळ्यांना सांगत होता, "वैनीच्या कपाशीची म्या पार भेंडी करून टाकली!" लोक खदखदून हसले. एक म्हातारी त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "चूक कबूल करणारा मानूस आता कुठं भेटते रे, बापू?"

मी रांगेत मागे उभी होते. नुकसान माझं, मूर्खपणा माझा, आणि शाबासकी त्याला. अंग जळलं. खरं सांगितलं असतं तर ती शाबासकी मलाही मिळाली असती, हाही विचार येऊन गेला. पण मग मी पंप का धुतला नाही, तेही सांगावं लागलं असतं. मी डबा पुढे सरकवला आणि गहू बारीक दळायला सांगितला.