उखाण्यांचा दावा

उखाणे कुणाच्या मालकीचे, असला प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. आता साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत बसून तोच चघळत असते. आईचा कॉपीराइटचा दावा सांगलीच्या कोर्टात आहे आणि दर तारखेला तिच्यासोबत मला उभं राहावं लागतं. माझ्या सगळ्या रजा त्या कोर्टानं खाल्ल्या.

आई पलूसची. गावात लग्न ठरलं की नवरीकडचे हिच्याकडे यायचे आणि चहा उकळेस्तोवर ही दोन-चार उखाणे जुळवून द्यायची. सांगलीतल्या एका पुस्तकवाल्यानं ते छापले, वर आईचं नाव घातलं. वडिलांनी ते पुस्तक साऱ्या भावकीत मिरवलं. पुढं पुस्तकवाला वारला, मुलगा गल्ल्यावर बसला आणि नव्या आवृत्तीतून आईचं नाव गायब! तिथं काय, तर 'संपादक मंडळ'. कसलं डोंबलाचं मंडळ?

मी तडक दुकानात गेले. तो म्हणाला, "ताई, उखाणे कुणी लिहितं का? ते आपले पहिल्यापासून असतातच की."

असतातच! चुलीपुढं बसून माझ्या आईनं जुळवलेले उखाणे म्हणे पहिल्यापासून असतात. माझं डोकंच फिरलं. आईचं नाव पुस्तकावर परत आणल्याशिवाय सोडायची नाही, असं तिथंच ठरवलं.

मग वकिलांचा तगादा सुरू झाला, पुरावा आणा; जुन्या पुस्तकावर नाव आहे, पण ते नुसते उखाणे गोळा करणारीचंही असू शकतं म्हणे. हातानं लिहिलेली वही छापखान्यात गेली ती गेलीच. करार तोंडी. शेवटी आईनंच लाजत लाजत पुस्तकातलं एक पान काढून दिलं. उखाण्यात नवऱ्याच्या नावाच्या जागी टिंबं असतात, जिनं तिनं आपापलं नाव घालायचं. या एका उखाण्यात टिंबं नव्हती. आईनं स्वतःसाठी केलेला उखाणा वडिलांच्या नावासकट छापला गेला होता:

'हरभऱ्याच्या रानात पहाटेची आंब,
अमुकराव म्हणतात चल चल, मी म्हणते थांब.'

आंब म्हणजे हरभऱ्यावरचं आंबट दव. अमुकराव मी इथं घातलं, पुस्तकात धडधडीत नाव आहे. पहिल्यांदा छापून आलं तेव्हा आईला तोंड लपवायला जागा पुरेना. वडील मात्र खूश. "आता जिल्ह्यातल्या समद्या पोरी माझंच नाव घेत्याल बघ!" असं म्हणून तिला छळायचे. पुस्तकवाल्याच्या या बहाद्दर मुलानं नवी आवृत्ती काढताना आईचं नाव उडवलं, पण वडिलांचं नाव तसंच छापलं होतं.

वकिलांची कळी खुलली आणि पुस्तकवाला नरमला. तडजोडीचा कागद तयार झाला: आईचं नाव मोठ्या अक्षरांत वर, आणि आतली चूक दुरुस्त. कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी मी तो वाचून दाखवला. सही करायला घेतलेलं पेन आईनं खाली ठेवलं.

"चूक? कंची चूक?"

"ते नाव हो, मावशी," पुस्तकवाला म्हणाला. "गिऱ्हाईक तक्रार करतंय. कुणाचा कोण माणूस तो!"

"आवं, ते ऱ्हाऊ द्या की."

"तसं नाही जमायचं. तुमचं घालतो, ते काढतो."

"मग माझं नगं."

"आई, अगं वेड लागलंय का तुला?" मी चारचौघांत ओरडले. "तुझ्या नावासाठी इतके हेलपाटे घातले, लोकांच्या हातापाया पडले, आणि आता नको म्हणतेस? मी काय मूर्ख आहे?"

तिनं मला पुरतं ओरडू दिलं. मग कपातला उरलेला चहा बाजूला सारून म्हणाली, "तुझं वडील गेल्यापास्नं मला कुनी नाव घे म्हटलंय का? लग्नात, बारशात? मी जुळवून द्यायचं, आन् घ्यायची पाळी आली की बायका मला वलांडून फुडं जात्यात. तेवढं एका पुस्तकात घेतलंय म्या. ते बी खोडू?"

मी कागदाची घडी घातली. तेवढ्यात वकील आले, सही झाली का विचारत.

"नाही," मी म्हणाले. "पुढची तारीख घ्या."