तळहातावरची सरळ रेघ

खारबावच्या खाडीतली ती अर्धी जळालेली होडी आजही डोळ्यांसमोर येते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडी तालुक्यात हवालदार होतो. सातवीत शाळा सुटलेली, गाव पार मराठवाड्यात. नोकरी गेली तर परत जायला तोंड नव्हतं, म्हणून लिहिलेला प्रत्येक पंचनामा मी पुन्हा पुन्हा वाचायचो.

एका होडीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड पलीकडे न्यायला होडी सजवली होती आणि इंजिनाच्या बॅटरीवर गाण्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. हळदीच्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना होडी पेटली. होडीवाल्याचा धाकटा भाऊ तिथून पळताना दिसला, अशी खबर आली. वाटणीवरून दोघांची बोलचाल बंद होती. त्याला लग्नाचं आमंत्रणही नव्हतं. ताब्यात घेतला तेव्हा त्याचा उजवा हात भाजलेला. ठाण्यात सगळ्यांनी केस संपली असंच धरलं.

चौकशीत तो एकच बोलत होता, "मी न्हाय लावली." मग होडीवर का गेलास, विचारलं की मान खाली.

त्याला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे त्याने तळहात उघडला. बोटांच्या मुळाशी भाजल्याची एकच आडवी, बारीक, सरळ रेघ. ज्वाळेने हात असा भाजत नाही. मी भीत भीत फौजदारसाहेबांना सांगितलं. दुसऱ्या कोणी मला हाकलून दिलं असतं. ते म्हणाले, "जा, होडी बघून ये. तोवर कागद पुढे जाणार नाही." ते उपकार मी विसरलो नाही.

दोन पंच घेऊन गेलो. अ‍ॅम्प्लिफायरची वायर इंजिनाच्या लोखंडी झाकणाखालून नेली होती. कडेला घासून तिचं तांबं उघडं पडलं आणि लोखंडाला टेकलं होतं. बॅटरीजवळ फ्यूज होता, पण त्यात जाड तार पिळून बसवलेली, म्हणजे तो उडणारच नव्हता आणि वायर तापतच राहिली. हे सगळं जोडणारा लाऊडस्पीकरवाला शहरातला, आधी कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. त्याने सहज सांगितलं, "साब, फ्यूज बार-बार उडता था. लूमपे हम ऐसाच करते, नहीं तो शिफ्ट बंद." इथे तापलेल्या वायरीखाली डिझेलने भिजलेली पोती होती. निष्काळजीपणाबद्दल त्याचा जबाब घेतला.

त्याच संध्याकाळी परत येऊन भावासमोर बसलो. "वायर तू ओढलीस ना?"

"धूर दिसला. उपटली, पर पोती पेटली व्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलावनं नव्हतं, सायेब. पोरीची होडी कशी सजवलीय ती बघाया चोरून गेलो, असं कोणच्या तोंडानं सांगू?"

होडीवाल्याला बोलावून हे सांगितलं. त्याने भावाचा भाजलेला तळहात उलगडून बघितला. मग म्हणाला, "चल. हळद वाळतेय."

पुढे विसर्जनाच्या बंदोबस्तात होडीवर लाऊडस्पीकर दिसला, की मी आधी बॅटरीजवळचा फ्यूज उघडून बघायचो आणि वायर कुठे घासत तर नाही ना, तिच्यावरून हात फिरवायचो. लोक हसायचे. ठाण्यात मात्र कोणी गप्प बसला की मला तो तळहात आठवायचा. गप्प माणूस काहीतरी लपवत असतो, हे खरं. पण तो गुन्हाच असेल असं नाही. कधी कधी ती नुसती माया असते.