हिरामणची मांडी

मोहगावच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. समारोपाचं शेवटचं पान सहा वर्षं हिरामणच वाचायचा. मूर्तीपुढे पाय पसरायचे नाहीत, आणि दोन तास मांडी न मोडता बसणारा गावात तोच एक. गुडघे ठणकत, कंबरेत कळ येई, पण गडी हूं की चूं करत नसे. वाचन संपलं की आपलं लंगडणं कोणाला दिसू नये म्हणून सगळ्यांच्या आधी सटकायचा.

चौऱ्याऐंशी साली देवीदासबाबा परासियाची कोळशाची खाण सोडून लेकीकडे राहायला आला, आणि हिरामणच्या पोटात दुखू लागलं. म्हातारा सगळ्यांच्या आधी येऊन बसे, सगळे गेल्यावरच जाई. पायावर डास बसला तरी हालत नसे! वाचन चालवणाऱ्या वत्सलाबाई एक दिवस म्हणाल्या, "यंदा शेवटचं पान बाबाच वाचतीन. कसे बसून राह्यले, पाहा न!"

झालं! हिरामणच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं गुडघे झिजवले कोणी, आणि मान कोणाला? ढोंगी मेला!

दुसऱ्या दिवशी त्यानं मेणबत्त्यांची घडवंची वीतभर सरकवली, थेट बाबाच्या पायाशी. एकदा हालू दे, सगळ्यांसमोर हालू दे.

वाचन रंगलं. मेण टपटप बाबाच्या पावलावर पडू लागलं. एक थेंब, चार थेंब, मग धार. बाबा आपला डोळे मिटून ऐकत होता. हिरामण स्वतःचे गुडघेही विसरला. हाल ना रे बुढ्या!

नाहीच हालला. त्या दिवशी हिरामण लवकर उठला नाही. लोक गेल्यावर बाबाची लेक सुमन आली, तिनं बापाच्या बगलेत हात घातले आणि किंचाळलीच. "बाबा, पाय भाजला न तुमचा!"

"भाजला काय? मले काय मालूम, माय! खाणीत कमरेवर दगड पडला, तवापासून पायाले काईच समजत नाई." मग हिरामणकडे पाहून म्हातारा हसला. "तुमचे गुडघे दुखतेत न, हिरामणभाऊ? चेहऱ्यावर दिसते. मी रोज पाहून राह्यलो. लय हेवा वाटते तुमचा."

 हिरामण खाली वाकला, नखानं मेण सोलू लागला. मेणासोबत कातडीही निघून आली.

"दुखत नाई मले, काढा तुमी," बाबा म्हणाला.