मांडीवरचा धागा

"मांडीवर? शी!"

असं म्हणून त्या बाईनं लुगडं हातातून टाकलं. ठेवलं नाही. टाकलं. मेलेला उंदीर टाकतात तसं, दोन बोटांत धरून.

लुगडं कोशाच्या रेशमाचं होतं. माझ्या मायनं दिलेलं. मालगुजाराच्या पोरीच्या लग्नातला आहेर. ओसरी पाहुण्यांनी भरली होती. माय खाली अंगणात पायरीजवळ हात जोडून उभी. मी तिच्या मागं.

ती बाई म्हणजे नवरीची आत्या. नागपूरला दिलेली. सगळे तिला आत्याबाई म्हणत. आधी तिनंच ते लुगडं उचलून गालाला लावलं होतं. "किती मऊ आहे गं! कुठल्या गिरणीचं?" असं विचारलं होतं. माय फुलली. म्हणाली, "गिरणीचं नाई बाई. माह्या मांडीवर काढलेला धागा हाय. कोष्ट्यानं विणून देल्ला."

मग ते शी.

ओसरीवरच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "ढिवरणीच्या उघड्या मांडीवरचं नवरीनं अंगाला लावायचं की काय?" आत्याबाईनं नोकराला हाक मारली.

"हे ड्रायव्हरला नेऊन दे. काचा पुसायला बरं आहे."

फाटकापाशी वराकडची काळी मोटार उभी होती, धुळीनं माखलेली. ड्रायव्हरनं घडी मोडली आणि काच पुसायला लागला. लुगडं लांब. अर्धं मातीत लोळत होतं. मी ते परत मागायला निघाले तर मायनं माझा दंड धरला. इतका घट्ट, की बोटं उमटली.

नवरी समोरच बसली होती. कुमुद. तिच्या अंगावर कलकत्त्याहून आणलेली शिफॉनची साडी. काठाला आतून दुकानाच्या नावाची सोनेरी चिठ्ठी शिवलेली. आत्याबाई तो काठ उलटून एकेका बाईला ती चिठ्ठी दाखवत होती. साडीला नाव होतं. माझ्या मायला त्या अंगणात नाव नव्हतं. ढिवरीन म्हणत. तिचं नाव भागरथा होतं.

कुमुद काही बोलली नाही. बांगड्या खालीवर करत राहिली.

ही कुमुद माझ्या मायच्या दुधावर वाढलेली. ती जन्मली तेव्हा मालकीणबाई अंथरुणाला खिळली होती. मी तेव्हा मायच्या अंगावर पीत होते. मालगुजारानं मायला वाड्यावर बोलावून घेतलं. आधी कुमुद प्यायची, मग उरलं तर मी. माय सांगायची, तू लय रडायची, पण ती पोरगी मरायला टेकली होती. कुमुद तिला दाईमाय म्हणायची. आमच्या ढिवर जातीच्या हातचं पाणी त्यांना चालायचं. आम्ही तळ्यातून काढलेली मासोळी चालायची. दूध चाललं. मांडी चालली नाही.

मांडीचं सांगते. आमचे पुरुष जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे राखायचे. दिवसभर गोफण घेऊन पाखरं हाकलायची. कोसे घरी आले की बायांचं काम. राखेच्या पाण्यात कोसे उकळायचे. चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळायची. वळायची, ओढायची, गुंडाळायची. मायच्या डाव्या मांडीची कातडी पायाच्या टाचेसारखी झाली होती. थंडीत ती फुटायची. रक्त यायचं. रक्ताचा डाग धाग्याला लागू नये म्हणून माय तिथं हळद दाबायची आणि जरा बाजूला सरकून धागा वळायची.

कुमुदच्या लुगड्याचा धागा तिनं एकटीनं काढला होता. मला हात लावू दिला नाही. "हे माहं हाय," म्हणायची. "तिले मी नेसवन."

परत येताना बांधावर मी विचारलं, "कुमुद काऊन बोलली नाई?"

"नवरी बोलत असते का?" माय म्हणाली.

घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली. भात करपला तरी उठली नाही.

पुढं मालगुजारी गेली. वाड्यावरचे नोकर कमी झाले. माझं लग्न झालं, मी गावातच दिली होती, तरी रोज मायकडं धागा काढायला जायची. बा वारला होता. आणि एक दिवस मोटार आमच्या ढिवरटोलीत आली. आत्याबाई उतरली. मी तिचं तोंड पाहिलं नाही. मी तिचं लुगडं पाहिलं.

कोशाचं.

शहरात वारं फिरलं होतं म्हणे. देश आपला झाला, आता हातचं कापड मोठ्या घरच्या बायका नेसत होत्या. विलायती साडी नेसून सभेला जायची लाज वाटत होती. आत्याबाई बायकांच्या कसल्याशा मंडळाची मुख्य झाली होती. नागपूरला हातमागाचं प्रदर्शन भरणार होतं. ती माझ्या मायचा हात हातात घेऊन म्हणाली, "तू फक्त बसायचं. इथं बसतेस तशीच. लोकांना बघू दे, आपली कला किती थोर आहे."

आपली म्हणाली.

मी मायला डोळ्यानं नको म्हटलं. माय माझ्याकडं पाहतच नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "कुमुद येईन का तिथं?"

"येईल की. मंडळात ती माझ्याच सोबत असते."

माय हो म्हणाली.

अर्जुनीहून लहान गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. मी सोबत गेले. मायनं कुमुदसाठी मोहाची वाळवलेली फुलं आणि चारोळी बांधून घेतली होती. डब्यात गर्दी झाली तर पुडकं मांडीवर घेऊन बसली. कोणाचा धक्का लागू देत नव्हती.

मोठा मंडप होता. कापडाच्या दुकानासारखी मांडणी. मायला एका चौथऱ्यावर बसवलं. समोर कोसे, मागं पडदा, अंगावर दिव्याचा उजेड. माणसं यायची, थांबायची, पुढं जायची. बायका लुगड्यांना हात लावायच्या आणि वा म्हणायच्या. मायला कोणी काही म्हटलं नाही. तिनं आपली मांडी जेवढी लागते तेवढीच उघडी केली होती आणि मान खाली घालून धागा वळत होती. घरी ती वळताना गुणगुणायची. तिथं नाही.

मग पाहुण्यांचा घोळका आला. साहेब, त्यांच्या बायका, पुढं आत्याबाई, मागं कुमुद. अंगानं भरली होती. मायनं तिला पाहिलं आणि तिचा हात थांबला. तोंड असं उजळलं, की मला पाहवेना. तिनं पुडकं उचललं. "कुमुद! बाई गं!"

एका साहेबानं कुमुदला विचारलं, "आप जानती हैं इसको?"

कुमुद म्हणाली, "हमारे गाँव की है."

एवढंच.

मायचं पुडकं हातातच राहिलं. तेवढ्यात फोटोवाला पुढं आला. म्हणाला, "बाई, लुगडं थोडं वर घ्या. मांडी नीट दिसत नाही."

माय त्याच्याकडं पाहत राहिली. कळलंच नाही तिला. आत्याबाई वाकून म्हणाली, "घे गं वर. लाजतेस काय? कला आहे ही."

आणि माझ्या मायनं लुगडं वर घेतलं. सगळ्यांसमोर. पंधरा पुरुष असतील, वीस असतील. तिची ती फुटलेली, काळी पडलेली मांडी दिव्याच्या उजेडात. कुमुद दुसरीकडं पाहत होती.

माझ्या अंगात काय आलं, मला माहीत नाही. मी चौथऱ्यावर चढले. मायचं लुगडं खाली ओढलं, पायापर्यंत. म्हटलं, "ऊठ माय."

आत्याबाई दात खाऊन बोलली, "अगं, हे काय करतेस? पाहुणे आलेत."

"पाहुण्यायले कापड दाखवा," मी म्हटलं. "माही माय दाखवाची नाई."

"तुझ्या आईची हरकत नाही, तू कोण?"

"मी तिची पोरगी. लग्नाच्या दिवशी मायच्या लुगड्यानं मोटारीच्या काचा तुम्हीच पुसाले लावल्या होत्या नं? तेव्हा मांडी घाण होती. आज कला कशी झाली?"

मी मायला हाताला धरून बाहेर आणलं. पुडकं चौथऱ्यावरच राहिलं.

लोक म्हणतील, मग मायनं मला जवळ घेतलं असेल. नाही घेतलं. गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. गोंदियाला फलाटावर बसलो तेव्हा म्हणाली, "काऊन उठवलं मले? मी अजून घडीभर बसली असती तं ती बोलली असती."

ती शेवटपर्यंत हेच म्हणत राहिली. तिनं धागा काढणं सोडलं नाही, पण अंगणात बसणं सोडलं. आत, अंधारात बसायची. दुसऱ्या पावसाळ्यात तापानं गेली. तापातही कुमुदचं नाव घेत होती. माझं घेतलं नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मायचे दिवस झाल्यावर कुमुद आली. एकटी. दारात बसून खूप रडली. मी तिला तांब्याभर पाणी दिलं. ती प्यायली. मग म्हणाली, "दाईमायच्या हातचा धागा असेल ना गं काही? मला एक लुगडं विणवून दे. आठवण म्हणून."

धागा होता. मायनं अंधारात काढलेला, गाठोडंभर.

मी म्हटलं, "नाई."

"काय मागशील ते देते."

"नाई म्हटलं नं."

ती गेली. मला तिची कीव आली. खोटं कशाला बोलू? एकाच छातीवरच्या आम्ही दोघी. पण धागा दिला नाही.

तो धागा कोष्ट्याकडं नेला. विणून झाल्यावर त्यानं विचारलं, कोणाच्या घरी द्यायचं? मी तिथंच खांद्यावर टाकून पाहिलं. तो हसला, त्याला गंमत वाटली. आमच्या टोलीत पिढ्यान् पिढ्या कोसा निघाला, पण अंगावर कोसा घेतलेली ढिवराची बाई मी पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती.

ते नेसून मी अर्जुनीच्या बाजारात गेले. मालगुजाराचा जुना दिवाणजी आडवा आला. "कोणाचं लुगडं नेसून आली गं? कोणाच्या घरून उचललं तं नाई?"

बाजार थांबला. मी आवाज खाली केला नाही.

"धागा भागरथा ढिवरणीचा. लुगडं तिचं. नेसणारी तिची पोरगी. अजून काई इचाराचं हाय?"

त्यानं वाट सोडली.

आता टोलीत मी सांगून ठेवलं आहे. दर वर्षी जिचा धागा निघेल, तिच्या अंगावर आधी लुगडं चढेल. मग बाजार. काही बाया भितात. म्हणतात, धागा घेणारा शेठ रुसेल. रुसू दे. म्हणतात, कोसा नेसून धानाचा रोवणा कसा करायचा, चिखलानं खराब होईल. कोष्टीही म्हणाला, जपून ठेव, पेटीत ठेव, सणाला काढ.

मी जपणार नाही. चिखलात नेसीन, घामात नेसीन, साऱ्या गावासमोर नेसीन. फाटलं की दुसरं विणून घेईन.