दोन खाली, मधलं बटण

कवळीवाले खोटं बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. आता खरं सांगायचं तर त्यांच्यावर तशी वेळच फारशी आली नव्हती. दिवसभर बाकावर बसून प्लास्टर कालवायचं, दंतवैद्यांकडून आलेल्या ठशांवर मेण चढवायचं आणि त्यात एकेक दात रोवायचा. दातांशी काय खोटं बोलणार? उलट त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं आणि ते दंतवैद्यांनाही तोंडावर ऐकवायचे, "बसलेल्या कवळीला कानस लावायची नाही. ती कशी दिसते ते सोडा, माणसाची जीभ तिला सरावलीय."

हेच ज्ञान घरी कुठे गेलं होतं, ते देव जाणे.

घरी माणसं तीन. कवळीवाले, त्यांची बायको आणि सासूबाई. शिवाय चौथा मेंबर म्हणून टीव्हीखाली पोळ्यांच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर. लिनक्सवर चालणारा, कवळीवाल्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवलेला. त्यात चित्रपट, गाणी, सासूबाईंच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली चारशे नभोनाट्यं आणि फोटो. सासूबाईंना समोरचं मधोमध धूसर झालं होतं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. पण तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, बोटांनी मोजून दोरी बरोबर भोकात खुपसायची सवय. त्यांनी रिमोटचाही बोर्ड करून टाकला. दोन खाली, मधलं बटण, की नभोनाट्य सुरू. संध्याकाळी पाच वाजता खुर्चीत बसायच्या आणि पडद्याकडे न बघता लावायच्या. कुणाची मदत नको, की उपकार नको.

बायकोनं म्हणूनच बजावलं होतं, "अहो, आईची बोटं बसलीत त्यावर. तुम्ही हात लावायचा नाही." कवळीवाल्यांनी शब्द दिला होता. आणि दोन वर्षं पाळलाही.

मग आले साडूभाऊ. साडू या प्राण्याबद्दल जाणकारांना जास्त सांगायला नको. चहाचा कप हातात, पाय पसरलेले, आणि नजर नेमकी पडद्यावर. "हे काय, कवळीवाले? अजून जुनीच आवृत्ती? संग्रहालयात द्या की!"

"दीड वर्ष सपोर्ट आहे अजून, दुरुस्त्या येतात," कवळीवाले म्हणाले.

"अरे वा, म्हणजे बिचारी पेन्शनीत निघाली!"

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. ते हसू कवळीवाल्यांना दाताच्या फटीत अडकलेल्या शेंगदाण्यासारखं चार दिवस सलत राहिलं.

शनिवारी दुपारी मायलेकी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि घर रिकामं झालं. कवळीवाले कॉम्प्युटरसमोर बसले. शब्द दिलाय खरा, पण तो 'बिघडवू नका' असाच की नाही? आणि बिघडणार कुठे आहे? अशी मनाची समजूत घालून त्यांनी बटण दाबलं. पन्नास मिनिटांत नवी आवृत्ती चढली. पडदा कसा लखलखीत! आणि यादीत सगळ्यात वर एक नवीकोरी ओळ, 'हवामान'. खिडकीतून आकाश दिसत असताना हवामानाची काय गरज, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांना ते आवडलंच.

पाच वाजले. सासूबाई खुर्चीत बसल्या. दोन खाली, मधलं बटण.

धाडकन् ढोलकीचं गाणं सुरू झालं.

"अगं बाई!" त्यांनी मागे घेतलं. पुन्हा दोन खाली, मधलं बटण. पुन्हा ढोलकी. बोटं तिथल्या तिथे थांबली. "जावईबापू, यात काही बदललंय का हो?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातात डाव, नजर थेट नवऱ्यावर.

"नाही हो, आई," कवळीवाले म्हणाले. "काहीच नाही."

"मग मीच मोजायला चुकले असेन," सासूबाई हळूच म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी घाईघाईनं स्वतः नाटक लावून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आवरत असताना ती हवामानाची ओळ त्यांनी काढूनही टाकली. दोन मिनिटांचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण पाच वाजता सासूबाईंनी रिमोट त्यांच्याच हातात ठेवला. "तुम्हीच लावा."

"आई, करून तर बघा. होईल बरोबर."

"नको. तीस वर्षांत एक नंबर चुकीचा जोडला नाही मी. आता हातात राहिलं नाही काही."

मूठ झाकलेलीच होती, पण आत निखारा निघाला. सोमवारी सासूबाई खालच्या फाटकाशी मैत्रिणीला भेटायला गेल्या नाहीत. बावीस पायऱ्या त्या रोज मोजत उतरायच्या. "मधेच आकडा सुटला तर?" म्हणाल्या. मंगळवारी घराची किल्ली लेकीकडे देऊन टाकली. गुरुवारी जेवताना बायको हलक्या आवाजात म्हणाली, "शनिवारी आईला विसराळूपणाच्या डॉक्टरांना दाखवायचंय. तिनंच सांगितलं. बाबांचंही असंच झालं होतं ना? आधी आकडे गेले, मग आम्ही."

कवळीवाले अर्धी पोळी ताटात ठेवून हात धुवायला उठले.

शुक्रवारी कामावर त्यांनी एका म्हातारबुवांची कवळी नको तिथे घासून ठेवली. दातांचे रंग जुळवणारी बाई शेजारच्या बाकावरून म्हणाली, "काय हो कवळीवाले, आज तुमचीच दातखीळ बसलीय की काय?" ते हसले नाहीत. ओळ काढली, यादी पूर्वीसारखी झाली, मग आता राहिलं काय? राहिलं होतं एकच वाक्य, 'मीच चुकले असेन'. ते काढायला कुठलं बटण नव्हतं.

शनिवारी सकाळी सासूबाई चपला घालून खुर्चीत तयार बसल्या होत्या. बायको जुनी फाइल शोधत होती. कवळीवाले सासूबाईंच्या पायाशी, चपलेचा पट्टा लावायच्या निमित्तानं बसले आणि पट्ट्याकडेच बघत म्हणाले, "आई, बदललं होतं."

"काय बदललं होतं?"

"मी नवी आवृत्ती टाकली होती. वर एक ओळ वाढली. तुमची बोटं बरोबर होती. मोजणीही बरोबर होती."

बायकोच्या हातातली फाइल खाली आली. "आणि आठवडाभर तोंडात काय कवळी कोंबली होती?"

सासूबाईंनी हात वर करून लेकीला थांबवलं. "मी विचारलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

सासूबाईंनी पाय मागे घेतला. मग म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये बोर्ड बदलायचा झाला, की आठ दिवस आधी आम्हाला बसवून शिकवायचे. तरी कुणाचं चुकलं तर साहेब पहिल्यांदा ओरडायचा, 'बोर्ड तपासा!' साहेब तोंडाचा शिवराळ होता. खोटारडा नव्हता."

मग लेकीकडे हात पसरला. "आण माझी किल्ली."

डॉक्टर राहिले बाजूला. त्या जिना उतरायला लागल्या, एकट्या, मोठ्यानं मोजत. खालून आवाज आला, "बावीस! जिना तरी आहे तेवढाच ठेवलात, जावईबापू, उपकार झाले!" बायको खो खो हसली. कवळीवाल्यांना हसू आलं नाही.

कॉम्प्युटर कधी बदलायचा, याचा निकाल त्याच दिवशी लागला. सासूबाई म्हणाल्या, "मी आहे तोवर नाही. मग घाला काय तो गोंधळ." कवळीवाल्यांनी इंटरनेटची वायरच काढून माळ्यावर टाकली. साडूभाऊंनी नंतर पुष्कळ खवचटपणा करून पाहिला, पण एकदा मात्र सहज विचारलं, "मग आता सपोर्ट कधी संपतो?" कवळीवाल्यांच्या मनात तारखेशेजारी सासूबाईंचं वय उभं राहिलं, चौऱ्याऐंशी. ते उठून चहा गरम करायला गेले.

पाच वाजता सासूबाई खुर्चीत बसतात. रिमोट त्यांच्या हातात असतो. बटण दाबण्याआधी मान न वळवता त्या रोज विचारतात, "काही बदललंय का हो, जावईबापू?"

"नाही हो, आई. काहीच नाही."

रोज खरंच सांगतात बिचारे. पण शब्द तेच, आणि आवाजही तोच निघतो. त्या क्षणभर थांबतात. मग दोन खाली, मधलं बटण.